तुमच्या एअर रायफलला कोणता पेलेट मानवतो?

एअर रायफल सुरू करून दोनतीन महिने झाले की रेंजवर कोणीतरी हमखास सल्ला देतं, "अहो, हे सरावाचे पेलेट सोडा आता. ती जर्मन डबी घ्या, स्कोर बघा कसा चढतो." पेलेट म्हणजे या रायफलमध्ये घालायची शिशाची छोटी गोळी. नवी डबी येते, खिसा हलका होतो, स्कोर जिथल्या तिथे. मग दुसरा सांगतो, त्या डबीत राम नाही, चिनी घ्या. असं करत कपाटात अर्धवट डब्यांची चळत लागते आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

दुसऱ्याची डबी बघून हा प्रश्न सुटत नाही, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली घ्या. एकीला ४.४९ मिलिमीटर डोक्याचा पेलेट मानवेल, दुसरीला ४.५० चा. तुमच्या रायफलला कोणता चालतो हे शोधायची रीत अवघड नाही, नुसती कंटाळवाणी आहे. म्हणून तर बहुतेक जण ती टाळतात आणि सल्ल्यावर भागवतात.

ठाण्यात आणि नवी मुंबईत आता १० मीटर एअर रायफल शिकणारे बरेच आहेत. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत याच प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. पनवेलला सुमा शिरूर यांनी कित्येक वर्षं नेमबाज घडवले. मुलांना रेंजवर घेऊन येणाऱ्या आईबाबांच्या तोंडी ही नावं असतातच. हा लेख त्या मुलांसाठी, त्यांच्या आईबाबांसाठी आणि चाळिशीत हौसेने रायफल हातात घेतलेल्यांसाठी आहे.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. कॅलिबर ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागेल, ते द्या. बिल रायफलच्या केसमध्ये ठेवा, कारण स्टेशनवर कोणी केस उघडायला लावली तर तेच कामी येतं. परवाना लागत नाही म्हणजे कुठेही झाडायची मोकळीक आहे असं मात्र नाही. सोसायटीची गच्ची नको. येऊर तर मुळीच नको, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ऐरोलीकडची खाडीही नको, तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अशा जागी विनापरवानगी हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे, मग ते हवेवर चालणारं असलं तरी. इथे सांगितलेलं सगळं रेंजवर, कोचच्या परवानगीने करायचं.

डबी घेण्याआधीचा हिशेब

टार्गेट नीट बघा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो. नऊचं वर्तुळ ५.५ चं, आठचं १०.५ चं, आणि पुढे दर वर्तुळाला व्यास ५ मिलिमीटरने वाढतो. पेलेट ४.५ मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे त्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. या दहाचेही १०.० ते १०.९ असे दशांश पाडतात, आणि दशांशाची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने शेवटचा शॉट १०.८ चा मारला, तेव्हा पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांश मोजतात, ६० शॉटना जास्तीत जास्त ६५४. दर शॉटला एक दशांश वाढला तर सहा गुण होतात. वरच्या पातळीवर पेलेटच्या निवडीत इतकं डोकं घालतात ते याच सहा गुणांसाठी.

आता तुमचं बघू. समजा, उभं राहून मारताना तुमच्या शॉटचा पसारा १५ मिलिमीटर आहे. नवशिक्याला हा काही वाईट नाही. तुमच्या रायफलमध्ये एक पेलेट ३ मिलिमीटरचा ग्रुप (म्हणजे ओळीने मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका) देतो आणि दुसरा, महागडा, २ मिलिमीटरचा. हातामुळे होणारा आणि पेलेटमुळे होणारा पसारा एकमेकांत साध्या बेरजेने मिसळत नाहीत. दोन्हींचे वर्ग करायचे, मिळवायचे, वर्गमूळ काढायचं, दहावीतल्या पायथागोरससारखं. पंधराचा वर्ग २२५, त्यात नऊ मिळवले तर वर्गमूळ १५.३. नऊऐवजी चार मिळवले तर १५.१. दोन आकडी मिलिमीटरच्या पसाऱ्यात तुम्हाला ०.२ मिलिमीटरचा फायदा झाला. तो तुम्हाला कधी दिसणारही नाही.

तुमचा पसारा ५ मिलिमीटरवर आल्यावर हाच हिशेब ५.८ आणि ५.४ असा येतो. आता फरक जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि इथे पेलेट निवडण्यात अर्थ आहे.

माझं स्पष्ट मत सांगतो. उभ्याने मारलेला दहा शॉटचा ग्रुप अजून सातच्या वर्तुळाबाहेर सांडत असेल तर डब्यांवरचे पैसे कोचिंगवर घाला. चाचणी एकदा करून बरा पेलेट ठरवा आणि पुढचे सहा महिने तो विषयच काढू नका. एवढंही पुरे, कारण डबी चांगली की वाईट ही शंका डोक्यातून गेली की शॉट वाकडा गेल्यावर माणूस स्वतःकडे बघतो.

पेलेट हातात घेऊन बघा

एक पेलेट तळहातावर घ्या आणि उजेडात फिरवा. पुढचं डोकं सपाट, मध्ये कंबर बारीक, मागे पोकळ घेर. डोकं नळीतल्या पेचांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांवर, टेकतं आणि पेलेटला सरळ ठेवतं. घेर पातळ असतो. हवेचा दाब आला की तो फुलून नळीला घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. डोकं मापाला सैल असेल तर पेलेट नळीत किंचित डुलतो, घट्ट असेल तर पेचात चेपला जातो. घेराची कड एका बाजूला दबलेली असेल तर हवा तिथून निसटते आणि तो पेलेट ग्रुप सोडून जातो.

डबीवर तीन गोष्टी वाचायच्या. पहिली वजन. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचे पेलेट वापरतात, ०.४५ ग्रॅमच्या आसपासचे पिस्तुलासाठी. दुसरी डोक्याचं माप, ४.४८ ते ४.५२ पर्यंत काहीही असू शकतं. तिसरी बॅच नंबर. नवे लोक तिकडे बघतच नाहीत, आणि दोन डब्यांवर बाकी सगळं सारखं असून बॅच वेगळी असेल तर ते पेलेट वेगळेच समजायचे. साचा झिजतो, शिशाची भट्टी बदलते.

सपाट डोक्याचेच घ्या. ते कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतात. टोकदार आणि गोल डोक्याचे पेलेट कागद फाडतात, भोकाची कड दिसत नाही आणि मोजताना भांडणं होतात.

नळी आणि गोळीचं माप जुळवण्याचा हा खेळ जुना आहे. ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान ओतायचे आणि मधली फट तेलकट चिंधीने भरायचे. चिंधीची जाडी बदलली की गोळी दुसरीकडे पडायची, म्हणून दारू, गोळी आणि चिंधी यांतलं एका वेळी एकच बदलून बघत. आपल्याकडे चिंधी नाही, फरक शंभराव्या मिलिमीटरचा आहे, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम तोच.

किती प्रकार आणायचे? तीन पुरेत. एक, क्लबात सध्या वापरता तो सरावाचा. दुसरा आणि तिसरा, एखाद्या चांगल्या मॅच (स्पर्धेच्या) पेलेटची ४.४९ आणि ४.५० ही दोन मापं. आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच, क्यूवायएस, यांतलं तुमच्या दुकानात जे नेहमी मिळतं ते घ्या. एकदा मिळून पुन्हा वर्षभर न दिसणारा पेलेट कितीही चांगला असला तरी काय उपयोग? पाचशेची अख्खी डबी विकत घ्यायची गरज नाही. क्लबातल्या सीनियर ताई-दादांकडे मागा, एकेका डबीतले साठ-साठ पेलेट कोणीही देतं. फक्त ते एकाच डबीतले असू देत, आणि बॅच नंबर लिहून घ्या.

रायफल आधी, पेलेट नंतर

सैल स्क्रूची रायफल कोणत्याही पेलेटला न्याय देणार नाही. दस्ता आणि नळी जोडणारे स्क्रू, मागच्या साइटचा (साइट म्हणजे नेम धरायचं साधन) क्लॅम्प, पुढच्या साइटचा बोगदा, सगळं कोचसमोर तपासा. रायफल क्लबाची असेल तर स्वतः पाना लावू नका, विचारा.

सिलिंडरची रायफल असेल तर हवा भरून सुरू करा. मॅच रायफलींमध्ये बहुधा २०० बारपर्यंत भरतात आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखा दाब देतो. गेज हिरव्या पट्ट्याच्या खाली गेलं की रेग्युलेटरचं काही चालत नाही. वेगाचा परिणाम किती होतो, याचा अंदाज असावा. सेकंदाला १७० मीटर वेगाने निघालेला पेलेट १० मीटरवर पोचेपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. वेग ३ मीटरने कमी झाला तर तो आणखी ०.६ मिलिमीटर खाली लागेल, म्हणजे दोन दशांश गेले, आणि त्यात पेलेटचा काही दोष नाही.

स्प्रिंगची रायफल असेल तर आधी पंधरावीस शॉट मारून ती गरम होऊ द्या. पेलेट न घालता ट्रिगर कधीही ओढू नका, आतला पिस्टन आपटतो.

नळी साफ करायची असेल तर चाचणीच्या आधल्या दिवशी करा, त्याच सकाळी नको. साफ केलेली नळी पहिले वीसेक शॉट इकडेतिकडे मारते. आतल्या पृष्ठभागावर शिशाचा पातळ थर बसला की ती स्थिर होते. पेलेटचा प्रकार बदलला तरी हेच होतं, म्हणून प्रत्येक बदलानंतर आधी काही शॉट मोकळ्या कागदावर घालवावे लागतात. हे शॉट वाचवायला जाऊ नका. ज्या चाचण्यांतून काहीच निघत नाही त्यातल्या निम्म्या इथेच बिघडलेल्या असतात.

बसून मारायचं, उभं राहून नाही

पेलेट कारखान्यात तपासतात तेव्हा नळी क्लॅम्पमध्ये घट्ट पकडलेली असते, माणूस मध्ये नसतो. आपल्याला तितकं जमणार नाही, पण माणसाचा वाटा कमी करता येतो. टेबल, खुर्ची आणि वाळूची पिशवी. जुन्या जीन्सचा एक पाय कापून एका टोकाला शिवा, कोरडी वाळू भरा, दुसरं टोक शिवा. बाजारातल्या शूटिंग बॅगइतकंच काम करतो. पिशवी रायफलच्या पुढच्या लाकडाखाली ठेवायची, नळीखाली कधीच नाही. नळी टेकली की प्रत्येक शॉटला ती वेगळी उसळते. मागे दस्त्याखाली दुसरी, छोटी पिशवी.

स्प्रिंगच्या रायफलला हे जसंच्या तसं चालत नाही. तिचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे असतो, त्यामुळे पिशवीवर थेट टेकवली की ती उडी मारते. पिशवीवर आपला तळहात पालथा न ठेवता उताणा ठेवा आणि त्यावर रायफल सैल विसावू द्या. दरवेळी तळहात त्याच जागी हवा, लाकडावर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.

शनिवार-रविवार टाळा. लेन रिकामी मिळणार नाही, शेजारी कोणाचं तरी लहानगं रडत असेल, आणि दहा जण "काय चाललंय?" विचारतील. कामाच्या दिवशी दुपारी रेंज शांत असते. कोचला आधी सांगून दोन-अडीच तासांची लेन मागून घ्या. पंख्याकडेही बघा. टार्गेटच्या बाजूचा पंखा सुरू असेल तर कागद थरथरतो आणि कागदच मिलिमीटरभर हलत असेल तर तुम्ही मोजताय काय? टार्गेटच्या मागे जाड पुठ्ठा लावा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत टार्गेट कार्ड ओलसर होतं. कोरड्या कार्डावर भोक कसं, कात्रीने कापल्यासारखं स्वच्छ. ओलसर कार्डावर त्याच पेलेटचं भोक केसाळ होतं, कड मागे दुमडते, आणि मोजायचा व्हर्नियर कुठे टेकवायचा ते कळेनासं होतं. कार्डं झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, लागतील तशी काढा.

आता क्रम. तीन पेलेटना अ, ब, क म्हणू. अ चे वीस शॉट, मग ब चे वीस, मग क चे वीस असं मारू नका. शेवटच्या वीस शॉटपर्यंत तुमचे डोळे थकलेले असतात आणि बिचाऱ्या क वर त्याचं खापर फुटतं. असं मारा: अ, ब, क, मग उलट क, ब, अ, पुन्हा अ, ब, क आणि शेवटी क, ब, अ. प्रत्येक वेळी पाच शॉटचा एक ग्रुप, स्वतंत्र कार्डावर. प्रत्येक प्रकाराचे चार ग्रुप होतील. पेलेट बदलला की पाच शॉट मोकळ्या कागदावर, अगदी पहिल्यांदा दहा. प्रत्येक प्रकाराचे पन्नासेक पेलेट हाताशी हवेत ते याच हिशेबाने.

पाचच शॉट का? जास्त मारले तर सगळी भोकं एकमेकांत मिसळून एक मोठं खिंडार होतं आणि आत काय घडलं ते कळत नाही. आणि एकच ग्रुप का नाही? कारण पाच शॉटचा एखादा ग्रुप नशिबानेही छान येतो. फोनवर लोक जे फोटो पाठवतात ना, "बघ माझा पेलेट!", ते असेच निवडलेले असतात. दहा शॉटचा ग्रुप त्याच पेलेटच्या पाच शॉटच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाव पट मोठा येतो, त्यामुळे एकाचे पाच आणि दुसऱ्याचे दहा अशी तुलनाही करू नका.

कार्डाच्या मागे आधीच अ-१, ब-१, क-१ लिहून ठेवा. जमलं तर मित्राला सोबत घ्या आणि पेलेट त्याने द्यावेत, कोणते ते तुम्हाला न सांगता. महाग डबीचा पेलेट आहे हे ठाऊक असलं की बोट ट्रिगरवर जरा जास्तच प्रेमाने चालतं.

चाचणी चालू असताना साइटच्या घुंड्यांना हात लावायचा नाही. ग्रुप सातच्या वर्तुळात पडतोय? पडू द्या. आपल्याला ग्रुपचा आकार हवा आहे, जागा नको. नव्या माणसाला हे सर्वात जड जातं. त्याला दहा दिसले नाहीत की चैन पडत नाही, तो दोन क्लिक फिरवतो आणि तो ग्रुप वाया जातो.

आणि शॉट सुटल्यावर, दुर्बिणीतून बघण्याआधी, मोठ्याने सांगा: "बरा" किंवा "ओढला". आधीच "ओढला" म्हटलेला शॉट तेवढा रद्द करून पुन्हा मारता येईल. बघून झाल्यावर "तो माझाच चुकला असणार" म्हणत वाईट भोक वगळायचं नाही.

व्हर्नियर आणि वही

ग्रुप मोजायचा म्हणजे सर्वात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करायचा. पुस्तकी व्यास ४.५, पण कागद थोडा परत सरकतो, म्हणून त्याच कार्डावरचं एकटं भोक मोजून तेच वजा केलेलं बरं. बाहेरून ७.३ आणि भोक ४.४ आलं तर ग्रुप २.९. व्हर्नियर नसेल तर नवा घ्यायची घाई नको, टीटीसी किंवा वागळे इस्टेटच्या कारखान्यांत काम करणारा कोणी ना कोणी ओळखीत निघतोच.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटची जागा छापून मिळते आणि काम सोपं होतं. मात्र दशांशांच्या बेरजेवर जाऊ नका. साइट तीन क्लिक बाहेर असेल तर उत्तम पेलेटचाही स्कोर पडेल. छापील चित्रातल्या सर्वात लांबच्या दोन शॉटमधलं अंतर काढा.

समजा अ चे चार ग्रुप आले २.८, ३.१, २.६, ३.३. सरासरी २.९५. ब चे आले २.२, ४.४, २.४, २.६. सरासरी २.९. क चे सगळे पाचच्या वर. क बाद, त्यात वाद नाही. अ आणि ब मध्ये सरासरी बघून ब निवडाल तर घाई होईल, आणि ४.४ बघून ब टाकाल तरी घाईच. तीन छान ग्रुप आणि एक बिघडलेला, याचा अर्थ बहुधा त्या पाचांत एखादा घेर दबलेला पेलेट होता. ब चे पेलेट पांढऱ्या कागदावर ओता, उलटे करून घेराची कड बघा, दबलेले काढा आणि अ व ब चे आणखी चार-चार ग्रुप मारा. तरीही दोघांत फरक दिसला नाही तर स्वस्त असेल तो घ्या. यात कमीपणा कसला?

ग्रुपचा आकारही बोलतो. भोकं उभ्या रेषेत पसरली असतील तर आधी हवेचा दाब बघा, मग गाल दस्त्यावर दरवेळी त्याच जागी टेकतोय का ते. आडवी पसरली तर ट्रिगरवरचं बोट, किंवा रायफल एका बाजूला कलते आहे. कोणताही पेलेट घातला तरी ग्रुप तसाच उभा किंवा आडवा येत असेल तर चाचणी थांबवा, दोष रायफलमध्ये किंवा तुमच्या बसण्यात आहे.

पेलेट सोनाराच्या काट्यावर तोलून वजनवार लावणारे काही जण भेटतील. वजनात एक टक्का फरक असेल तर १० मीटरवर फरक पडतो साधारण ०.१७ मिलिमीटरचा, म्हणजे एक दशांशही नाही. तोलण्यात घालवलेल्या संध्याकाळी घेर तपासा, त्याचा फायदा जास्त.

पेलेट ठरला, पुढे?

आता साइटच्या घुंड्या फिरवा आणि ग्रुप मध्यावर आणा. एकेका शॉटमागे क्लिक फिरवायचा नाही. पाच शॉट, त्यांचा अंदाजे मध्य, मग क्लिक. त्यानंतर उभ्याने पुन्हा पाच शॉट, कारण बसून आणि उभ्याने मारताना जागा थोडी सरकते.

त्याच बॅचच्या जितक्या डब्या परवडतील तितक्या घेऊन ठेवा. शिसं दमट हवेत पांढुरकं होतं, त्यावर भुकटी धरते, म्हणून डब्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या जागी. भुकटी आलेले पेलेट पुसून वापरायचा मोह नको, ते सरावालाही नकोत.

डबी नेताना एक काळजी घ्या. अर्धी रिकामी डबी बॅगेत टाकून ठाण्याहून नेरुळपर्यंत ट्रान्सहार्बर लोकलने उभ्याने गेलात की आत पेलेट वाटभर एकमेकांवर आपटत राहतात, आणि दबलेल्या घेरांची संख्या रेंजवर पोचेपर्यंत वाढलेली असते. डबीच्या झाकणाखाली फोमचा गोल तुकडा कापून बसवा, पेलेट कमी झाले की दुसरा तुकडा घाला. डबी हलवली तर आवाज यायला नको.

शिसं विषारी आहे. पेलेट ओठांत धरून लोड करणारे जुने लोक तुम्हाला दिसतील, त्यांची नक्कल करू नका. रेंजवर वडापाव, चहा काही नाही. निघताना साबण आणि थंड पाण्याने हात धुवा, मुलांचे स्वतः धुवून घ्या. गोळा झालेलं शिसं घरी आणू नका.

ठरलेल्या बॅचची शेवटची डबी संपत आली की त्यातले साठेक पेलेट बाजूला काढा, झाकणावर तारीख आणि "हात लावू नये" लिहा. नव्या बॅचची डबी आली की याच जुन्या पेलेटना अ म्हणायचं, नव्यांना ब, आणि पुन्हा तोच अ, ब, ब, अ क्रम. जुना ग्रुप वहीत २.९ चा होता आणि आज तोच पेलेट ३.८ देत असेल तर नव्या बॅचला नावं ठेवण्याआधी साइटचा क्लॅम्प तपासा.